गेलनराव वाव्रा यांचे लिंकन मोहिमेची हकीकत

प्लॅट नदीचे दोहों तीरीं राहणारे मकेवाले, गुरेंवाले, आणि ज्यांचे दारीं निदान एक पिकअप उभी असे ऐसे नेब्रास्का प्रांतींचे समस्त लहानथोर यांस कळावें कीं, मोटारींचीं वतनें राखावयाकरितां गेले फेब्रुवारींत जी मोहीम जाहाली तिची हकीकत येथें मांडिली असे. लोकांनीं मागाहून कॉफीचे टेबलावर बसोन जें वाढविलें तें काढोन टाकिलें, आणि ज्याचा पराक्रम त्याचे पदरीं घातला. वाचणारांनीं हांसूं आल्यास हांसावें, परंतु मोहीम लहान होती ऐसें म्हणों नये.

तर मौजे प्लम बेंड येथें राजश्री गेलनराव वाव्रा हे मोटारींचे वतनदार. वतन म्हणजे ऐसें कीं, दूरदेशींच्या कारखानदारांनीं गाड्या कराव्या आणि त्या विकावयाचा हक्क ज्या त्या गांवीं ज्या त्या डीलराचा. कारखानदारानें डीलरास ओलांडोन परभारें गिऱ्हाइकाचे दारीं जाऊं नये, ऐसा प्रांताचा कायदाच होता. हें वतन तीर्थरूप कैलासवासी लँबर्टराव यांनीं कमाविलें आणि गेलनरावांनीं राखिलें. पुढें कांचेचें शोरूम, मागें दुरुस्तीचें आवार, त्यावर गांवचीं वीस-बावीस घरें पोसलीं जात, आणि गांवच्या पोरांच्या बेसबॉल संघाचे पाठीवर वाव्रा मोटर्स हीं अक्षरें झळकत. गेलनराव स्वभावें भले, अंगानें भरदार, आवाज रेडिओचे जाहिरातींत शोभेसा. त्यांनीं खांद्यावर हात ठेविला कीं गिऱ्हाईक खुर्चीवर बसलेंच, आणि बसलें कीं गाडी घेऊनच उठलें.

ऐसें सुरळीत चाललें असतां कॅलिफोर्निया प्रांतीं दर्याकिनारीं हॅलियन नामें कंपनी उदयास आली. ती विजेच्या गाड्या करी आणि डीलर म्हणोन कोणी ठेवीना. ना शोरूम, ना विक्रेता, ना गिऱ्हाइकास पाजावयाची पांचट कॉफी. फोनावर बोट दाबावें आणि गाडी घ्यावी, ऐसी तिची चाल. शेजारचे कोलोरॅडो प्रांतीं तिचें निशाण आधींच लागलें होतें. मग तिनें नेब्रास्कावर नजर धरिली, आणि लिंकन राजधानीस एक विधेयक मांडविलें, कीं कारखानदारास परभारें विकावयाची मोकळीक असावी.

ही खबर येतांच प्रांतींचे सारे डीलर कर्नी मुक्कामीं हॉटेलाचे मोठे दालनीं मसलतीस जमले. जे एरवीं एकमेकांचें गिऱ्हाईक फोडीत, रेडिओवर एकमेकांस नांव न घेतां शिव्या देत, ते त्या दिवशीं गळां गळा घालोन भेटले आणि एका पंक्तीस बसोन भाजलेलें गोमांस आणि उकडलेले बटाटे जेवले. मग सेनापती कोण, हा प्रश्न निघाला. सर्वांचाच आवाज मोठा, सबब दोन घटका कोणाचेंच कोणास ऐकूं येईना. शेवटीं लायल टेगमायर उठले. हे डीलरांचे वकील. सेनेटरांचे मागें हिंडोन रदबदली करणें हीच त्यांची चाकरी, आणि राजधानीचे कोणते जिन्यावर कोणता सेनेटर कोणते वेळीं एकटा सांपडतो, हें त्यांस मुखोद्गत. त्यांनीं हुकूम सोडिला कीं, समितीपुढें साक्ष द्यावयास गेलनराव वाव्रा यांनीं जावें. आणि सेनापतीस कोपऱ्यांत घेऊन कानमंत्र दिला तो येणेंप्रमाणें.

"हे बघ गेलन, आकडे सांगू नकोस. आकडे त्यांचेही असतात. बेसबॉलच्या पोरांचं सांग. आणि घरात कुणी म्हातारं माणूस आहे?"

"आई आहे. ब्याऐंशीची."

"अरे वा! मग आधी का नाही बोललास? आईचं सांग. माझी आई फोनवरून गाडी कशी घेणार, म्हण. एवढं एकच वाक्य म्हण आणि खाली बस. समितीत आठ जण आहेत, सगळ्यांना आया आहेत."

गेलनरावांनीं बरें म्हटलें, परंतु आईचें नांव निघतांच विषय पालटोन कॉफी मागविली. त्याचें कारण लिहितों.

मातोश्री इर्माबाई ह्या लँबर्टरावांच्या विधवा, चर्चजवळचे घरीं एकट्या राहात. अंगानें काटकुळ्या, जिभेनें धारदार, गाडी चालविणें हा त्यांचा एकच शौक. मागले ऑक्टोबरीं त्यांनीं चर्चचे आवारीं गाडी मागें घेतां जुन्या कपड्यांची दानपेटी उलथविली. इजा कोणास नाहीं, दोन कोट आणि एक बाळाचें दुपटें मात्र चिखलांत गेलें. इर्माबाईंचें म्हणणें, पेटी आदल्या आठवड्यास तेथें नव्हती, आणि हें खरेंही होतें. परंतु गेलनराव गाडी दुरुस्तीस म्हणोन घेऊन गेले ती परत दिलीच नाहीं. बंपर दोन दिवसांत बसला. गाडी धुवोन पुसोन शोरूमचे मागें ताडपत्रीखालीं ठेविली. मग दर रविवारीं जेवणास बसतां मातोश्री पुसत आणि चिरंजीव सांगत.

"काय रे, झाली का गाडी?"

"पार्ट यायचाय, आई."

"कुठला पार्ट?"

"आतला."

थँक्सगिव्हिंग गेलें, ख्रिसमस गेला, पार्ट काहीं आला नाहीं. नोव्हेंबरांत इर्माबाई मैत्रीण मार्सेला हिचे गाडींतून परवाना नवा करावयास गेल्या, डोळ्यांची परीक्षा दिली, पास जाहाल्या, आणि तो परवाना जेवणाचे टेबलीं लोणच्याचे बरणीस टेंकून उभा केला. गेलनराव त्याकडे न पाहतां बटाटे वाढोन घेत राहिले. नंतर इर्माबाईंनीं पुसणेंच सोडिलें. गेलनरावांस वाटलें, मनाची समजूत जाहाली. एवढा गिऱ्हाइकांचा पारखी, परंतु बायका गप्प होतात तेव्हां काय शिजत असतें, हें त्यांस उमगलें नाहीं.

मग मोहिमेचा दिवस उजाडला. थंडी कडक, आभाळ निरभ्र. डीलरांनीं एकच मोठी बस केली, कीं सर्वांनीं एकदिलानें जावें. आणि खरें कारण ऐसें कीं, कोणाची गाडी पुढें चालवावी यावर भांडण जुंपलें होतें. बसमध्यें सर्व सरदार कोट-टाय लेवोन, मांडीवर सँडविच घेऊन बसले आणि दरकूच लिंकनास पोंचले. राजधानीचा मनोरा उंच, त्याचे माथ्यावर बीं पेरणाऱ्याचा पुतळा. गेलनरावांनीं त्याकडे पाहून मनांतल्या मनांत प्रार्थना केली आणि टाय सारखा केला.

दरबार भरला तें दालन फार मोठें नव्हे. पुढें आठ सेनेटर अर्धवर्तुळांत, मध्यें अध्यक्षा ओपल राथ्के, ज्यांचें स्वतःचें गुरांचें कुरण असोन ज्यांस फालतू बोलणें सोसत नसे. साक्षीदाराचे टेबलावर माईक आणि लहानसें दिव्यांचें यंत्र: हिरवा दिवा तों बोलावें, पिवळा लागतां आवरावें, लाल लागतां थांबावें. हुकूम ऐसा कीं, आधीं विधेयकाचे बाजूचे बोलतील, मग विरोधक, आणि सरतेशेवटीं तटस्थ, जे बहुतकरून कोणी नसतातच.

प्रथम गनिमाकडील वकील सिएना बर्कहार्ट पुढें आल्या. वय लहान, पायीं पांढरे बूट, बोलणें मधाळ. त्यांनीं सांगितलें कीं, आम्हांस कोणाचें वतन बुडवावयाचें नाहीं. गिऱ्हाइकास जी गाडी हवी ती त्यानें हवी तेथोन घ्यावी इतकेंच. आज नेब्रास्कांतील माणूस आमची गाडी घ्यावयास प्रांत ओलांडोन जातो, हें बरें कीं काय? सेनेटरांनीं माना डोलाविल्या. डीलरांचे रांगेंत चुळबूळ जाहाली. एकजण पुटपुटला, "बूट बघ. या बुटांनी शेतात चार पावलं चालून दाखव म्हणावं."

मग गेलनराव उठले. दस्तूराप्रमाणें नांव सांगितलें, अक्षरें सुटीं करोन सांगितलीं, आणि बोलों लागले. वडिलांनीं दुकान कैसें थाटिलें तें सांगितलें, बेसबॉलचीं पोरें सांगितलीं, बर्फांत अडकल्या गिऱ्हाइकास भल्या सकाळीं ओढोन आणल्याचें सांगितलें. आवाज गहिवरला आणि तो गहिवर खरा होता, कारण दुकान गेलें तर त्या वीस-बावीस घरांचें काय, हा घोर त्यांस महिनाभर लागला होता. पिवळा दिवा लागला तेव्हां त्यांनीं राखोन ठेविलेला बाण काढिला.

"मॅडम, माझी आई ब्याऐंशीची आहे. ती काय फोनवरून गाडी घेणार? तिला माणूस लागतो. तिच्या डोळ्यात बघून खरं काय ते सांगणारा माणूस. तो माणूस म्हणजे आम्ही."

बाण वर्मीं लागला. दोघे सेनेटर आपापल्या आया आठवोन खालीं पाहों लागले, आणि लायल टेगमायर यांनीं मागें बसोन मांडीवर हळूच मूठ मारिली. फत्ते जवळजवळ हातीं आली होती.

मग अध्यक्षांनीं विचारायचें म्हणोन विचारिलें, "तटस्थ कोणी?" आणि कागद गोळा करूं लागल्या.

"मी आहे."

मागल्या रांगेंतून रविवारचा निळा कोट ल्यालेली, काखेंत पर्स धरलेली एक बाई उठली आणि तुरुतुरु चालत साक्षीदाराचे टेबलीं आली. गेलनरावांनीं वळोन पाहिलें आणि त्यांचे तोंडचें पाणी पळालें. माईक उंच होता, तो बाईंनीं स्वतःच खालीं वांकविला.

"इर्मा. आय-आर-एम-ए. वाव्रा. व्ही-ए-व्ही-आर-ए. आत्ता जे बोलून गेले ना, त्यांची आई. ब्याऐंशीची."

दालनांत खसखस पिकली. मग शांतता जाहाली ती ऐसी कीं हिरव्या दिव्याचें यंत्र गुणगुणतें तें ऐकूं यावें.

"गेलन म्हणाला, आई फोनवरून गाडी कशी घेणार. तर घेतली. स्वयंपाकघरात बसून घेतली. ओव्हनमध्ये गोड पाव घातले होते, आपले कोलाचे, ते लालसर व्हायच्या आत झालीसुद्धा. मग मार्सेलानं मला कोलोरॅडोत नेलं आणि मी चालवत आणली. तिच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ठेवली होती. आज बाहेर उभी आहे, पांढरी."

अध्यक्षांनीं चष्मा काढिला. "वाव्राबाई, तुमच्या मुलाचं स्वतःचं दुकान असताना?"

"अहो, त्यानं विकायला हवी ना! माझी जुनी गाडी ऑक्टोबरपासून त्याच्याकडे आहे. म्हणतो, पार्ट यायचाय. मॅडम, मी साठ वर्षं गाडीवाल्यांच्या घरात काढलीत. पार्ट यायचाय असं कधी म्हणतात, ते मला चांगलं ठाऊक आहे."

हें ऐकतांच समिती हांसली, लोक हांसले, आणि डीलरांचे रांगेंतील दोघांतिघांस खोकला लागला. गेलनरावांचे कानशिलांची आग जाहाली. पृथ्वीनें पोटांत घ्यावें तर जमिनीस गालिचा.

"ही मंडळी म्हणतात, आम्ही गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघतो. बघतात. माझ्या डोळ्यात बघितलं आणि ठरवलं, ही म्हातारी झाली. फोननं असलं काही केलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, तुम्ही यंत्र आहात का. मी म्हटलं नाही, आणि त्यानं विश्वास ठेवला. पोटच्या पोरानं ठेवला नाही."

आतां सिएनाबाईंचे मुखावर प्रसन्नता पसरली आणि डीलरांचा मोड जाहाल्यासारखा दिसों लागला. लायल टेगमायर यांनीं डोकें दोहों हातांत धरिलें. एका सेनेटरानें विचारिलें, "म्हणजे तुम्ही या विधेयकाच्या बाजूच्या?"

"छे हो! तटस्थ म्हटलं ना? आता या पांढऱ्या बुटांच्या मुलीनं ऐकावं. गाडी मिळाली ती एका उजाड आवारात. माणूस नावाला नाही. बर्फ पडायला लागलेलं, आणि दाराला हँडलच नाही! मी आणि मार्सेला गाडीभोवती प्रदक्षिणा घालतोय. फोन लावला तर कुणी बाई म्हणते, ॲप अपडेट करा. मी म्हटलं, बाळ, माझी बोटं गारठलीत. तर म्हणाली, आणखी काही मदत हवी आहे का? आणि भाव करायला कोणी नाही. लिहिली तेवढी किंमत, द्यायची आणि गप्प बसायचं. घासाघीस न करता वस्तू घरी आणली की मला चोरून आणल्यासारखं वाटतं."

सिएनाबाईंची प्रसन्नता मावळली. डीलर ताठ बसले. बाई पुढें बोलणार, तों यंत्रावरील दिवा पालटला. इर्माबाईंनीं त्याकडे बोट केलें, मग मागें वळोन आपल्या चिरंजिवांकडे पाहिलें.

"लाल झाला. दिसतोय मला. थांबते."

आणि पर्स उचलोन उठल्या. त्या समयीं जो हंशा आणि टाळ्या जाहाल्या, त्या थांबवावयास अध्यक्षांस हातोडा तीनदां आपटावा लागला.

मग समितीनें दार लावोन खल केला, आणि दार उघडलें तेव्हां निकाल आला कीं, चार इकडे आणि चार तिकडे. सबब विधेयक पुढें जात नाहीं, समितीचे दप्तरींच पडोन राहील. डीलरांनीं एकमेकांचे पाठीवर थापा मारिल्या. लायल टेगमायर यांनीं जाहीर केलें कीं, अडकलें म्हणजे जिंकलें, आणि समस्त फौजेस हॉटेलीं मेजवानी.

परंतु सेनापती मेजवानीचे गोटांत नव्हते. ते बाहेरचे लांब दालनीं, संगमरवरी खांबाशीं, मातोश्रींपुढें उभे होते.

"आई, सगळ्यांसमोर असं?"

"तू कुठे एकांतात बोललास? माईकवर म्हणालास, माझी आई बिचारी. मी तुला माझी कीव करायला सांगितलं होतं?"

"तू मला सांगायचं तरी."

"तुला सांगितलं असतं तर त्याही गाडीचा पार्ट आला नसता."

गेलनराव हांसणार होते, परंतु हांसूं आलें नाहीं. खांबाकडे पाहात म्हणाले, "बाबांना शेवटची पिकअप मीच विकली. त्यांना नीट दिसत नव्हतं, मला ठाऊक होतं. नाही म्हणवेना, म्हणून विकली. मग ती नाल्यात घातली त्यांनी... रात्रभर थंडीत पडून होते ते. नंतर उठलेच कुठे पुरते?"

इर्माबाईंनीं लेकाचा टाय, जो एका बाजूस गेला होता, ओढोन सारखा केला.

"तू विकली नसतीस, तर त्यानं दुसरीकडून घेतली असती. तुझा बाप होता तो, कुणाचं ऐकलं त्यानं? त्याला दिसत नव्हतं, गेलन. मला दिसतं. तू माझ्याकडे बघतोस आणि तुला तो दिसतो."

"आणि उद्या तुला दिसेनासं झालं तर?"

"तर सांगशील. पण मला सांगशील. पार्टचं नाव करून नाही."

गेलनरावांनीं मान हलविली. मग मातोश्रींनीं हुकूम केला कीं, मेजवानी राहों द्यावी, आपण ऊन आहे तों निघतों, आणि तूं मजबरोबर येतोस. तुजला जें भय आहे तें डोळ्यांनीं पाहोन घे. सेनापतींनीं मेजवानीचे गोमांसाकडे एकदां मनानें पाहिलें आणि आज्ञा शिरसावंद्य केली.

पुढील प्रसंग वाहनतळीं जाहाला आणि तो पाहिलेले पुष्कळ आहेत. डीलरांची बस उभी, खिडक्यांशीं सारी फौज, आणि त्यांचेदेखत त्यांचा जिंकलेला सेनापती गनिमाचे पांढऱ्या गाडीशीं गेला, दाराचें हँडल शोधीत उभा राहिला, तें काहीं सांपडेना, तेव्हां म्हातारीनें आंतून बोट दाबोन दार उघडिलें आणि तो आंत बसला. सिएनाबाईंनीं फोन उंचाविला. लायल टेगमायर बसचे पायरीवरून ओरडले, "फोटो नको! अहो बाई, फोटो नको!" परंतु तोंवर निघाला होता.

मग इर्माबाईंनीं गाडी हांकिली. राजरस्त्यावर चढतां मालट्रकांची रांग आली, तेव्हां गेलनरावांनीं एका हातीं दार धरिलें, दुसऱ्या हातीं आसन, आणि उजवा पाय पायाखालचे गालिच्यांत रोंविला.

"तिकडे ब्रेक नाहीये," मातोश्री पुढें पाहातच म्हणाल्या.

"माहितीये."

"मग कशाला दाबतोस?"

मालट्रकाचे मागें योग्य अंतर राखिलें, दिवा दाविला, आरसा पाहिला, बाजू बदलली, पुनः दिवा दाविला. गेलनराव हें सर्व ऐसें पाहात होते जैसा परीक्षक पाहतो, आणि चूक निघावी ऐसें वाटत होतें आणि निघों नये ऐसेंही वाटत होतें. यॉर्क गांव मागें पडलें. एका पोरानें गाडी आडवी घातली तेव्हां गेलनराव ओरडले, परंतु त्यांचे ओरडण्याआधींच गाडी हळू जाहाली होती, आणि मातोश्रींनीं त्या पोरास आपल्या वाडवडिलांचे चेक भाषेंत जें म्हटलें तें येथें लिहीत नाहीं.

"सीट गरम होतंय," थोडे वेळानें गेलनराव म्हणाले.

"मीच केलंय. तुझ्या कंबरेला बरं."

त्यांनीं दाराचे आंतील शिवणीवर, पुढील फळीवर धंद्याचे सवयीनें बोट फिरविलें. काम चांगलें होतें. तें त्यांनीं बोलोन दाखविलें नाहीं, परंतु मातोश्रींस तें बोट दिसलें. उजवीकडे प्लॅटचे कांठीं मक्याचे ओसाड शेतांत दक्षिणेकडोन आलेले पहिले क्रौंच उतरले होते, आणि उन्हांत ते राखाडी पक्षी दाणे वेंचीत हळू हळू फिरत होते. इर्माबाईंनीं ते दाखवावे म्हणोन वळोन पाहिलें, तों सेनापतींची मान खिडकीस टेंकलेली, तोंड किंचित उघडें, दारावरील हात सुटोन मांडींत पडलेला. महिन्याभराची झोंप एकदम आली होती. मातोश्रींनीं रेडिओ बारीक केला आणि गाडीचा वेग होता तोच ठेविला.

प्लम बेंड येथें दिवस मावळतां गाडी गेलनरावांचे दारीं उभी राहिली. सून आर्डिस खिडकीशीं आली आणि दार उघडोन कांहीं पुसणार, तों इर्माबाईंनीं ओठांवर बोट ठेविलें. मग दोघी बायका कुंपणाशीं थंडींत उभ्या राहोन हळू आवाजें बोलत राहिल्या, आणि तो आंत झोंपला तो झोंपलाच.

तर समस्तांस कळावें कीं, नेब्रास्का प्रांतींचीं मोटारींचीं वतनें ते सालीं जैसीं होतीं तैसींच राहिलीं, आणि त्याची फत्ते डीलरांचे दप्तरीं गेलनराव वाव्रा यांचे नांवें नोंदली आहे, तीस आमची हरकत नाहीं. परंतु तेच दिवशीं श्रीमती इर्माबाई वाव्रा, वय ब्याऐंशी, यांनीं लिंकनापासोन प्लम बेंडपर्यंतचा मुलूख दिवसाउजेडीं स्वहस्तें सर करोन, आपल्या पुत्रास अंगावर ओरखडा न येतां, गाढ निजलेला, त्याचे घरीं पोंचता केला. हीही फत्ते खरी म्हणोन येथें नोंदिली असे.